निवडून येण्याजोगा उमेदवार
(नभोवाणीवरील भाषण)



१७ ऑगस्ट २०२३ रोजी भारतीय जनता पक्षाने मध्य प्रदेश विधानसभेसाठी आपल्या उमेदवारांची पहिली यादी प्रसिद्ध केली. मतदानाची तारीख तोवर जाहीर झालेली नव्हती. यादीतील एकोणचाळीस नावांत दोन नावे आमच्या परिसरातील होती. सौंसरसाठी माजी आमदार नानाभाऊ मोहोड आणि पांढुर्ण्यासाठी प्रकाश उईके, जे न्यायाधीशाचे पद सोडून राजकारणात उतरले होते. त्या सायंकाळी सौंसरच्या एका चहाच्या दुकानात मी बसलो होतो. शेजारच्या बाकावर संत्र्याच्या बागा असलेले दोन वृद्ध गृहस्थ ही नावे तोलून पाहत होते. त्यांतला एक माझ्याकडे वळून म्हणाला, “मानूस त चांगला हाय गुरुजी, पन निवडून येईन का?” त्यावर दुसरा लगेच म्हणाला, “अन् निवडून नाही आला त चांगला असून काय कामाचा?”

ते कोणत्या उमेदवाराविषयी बोलत होते हे मी विचारले नाही, आणि आज सांगण्याचे प्रयोजनही नाही. परंतु त्या दोन वाक्यांत जो वाद भरला आहे तो जगातील बहुतेक लोकशाही देशांत, दर निवडणुकीच्या आधी, पक्षापक्षांच्या बंद दारांआड चालत असतो. आमच्याकडे चूल मराठीत पेटते आणि सभा हिंदीत भरते. त्यामुळे या गुणाला आमच्या बोलण्यात ‘जिताऊ’ असा हिंदी शब्द रूढ झाला आहे. नागपूरची वर्तमानपत्रे त्यालाच ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात. शब्द कोणताही घ्या, त्यात एक गंमत आहे. प्रामाणिकपणा, विद्वत्ता, कर्तबगारी हे गुण आज पाहून पारखता येतात. निवडून येण्याचा गुण मात्र मतमोजणी झाल्याखेरीज कोणालाच दिसत नाही. आणि असे असूनही उमेदवारी ठरविताना वजन पडते ते याच न दिसणाऱ्या गुणाचे.

हा वाद विशेष टोकदार होतो तो परंपरानिष्ठ पक्षात, म्हणजे जुने ते जपण्याकडे ज्याचा कल आहे अशा पक्षात, एखादा मवाळ पुरुष पुढे येतो तेव्हा. ‘मवाळ’ आणि ‘जहाल’ हे शब्द मराठी माणसाला नवे नाहीत. १९०७ साली काँग्रेसचे अधिवेशन व्हावयाचे होते आमच्या नागपुरास. तेथे दोन्ही पक्षांचे जुळेना म्हणून ते सुरतेस नेण्यात आले, आणि सुरतेत काय झाले ते शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तथापि त्या काळी भांडण मार्गाचे होते. मते मागावयाची नव्हती, त्यामुळे कोण ‘निवडून येईल’ हा प्रश्नच उद्भवला नव्हता. मतपेटी आली आणि तिच्यासोबत हा नवा युक्तिवाद आला: आमचा माणूस तुमच्याइतका कडवा नसेल, पण लोक त्याला मत देतील.

या युक्तिवादामागे शास्त्र आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहिलेल्या ग्रंथात ते मांडले. मतदार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले असतात. बहुसंख्य मधल्या भागात असतात. तेव्हा जो पक्ष मध्याच्या अधिक जवळ सरकेल त्याला अधिक मते पडतील. ऐकावयास हे अगदी सरळ वाटते. पण आमच्या पांढुर्ण्याची गोटमार ज्याने पाहिली आहे त्याला यातील अडचण चटकन कळेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा मिळवावयाचा तर मध्यापर्यंत गेलेच पाहिजे. मात्र मधोमध जाणाऱ्याला समोरच्या काठावरील दगड लागतात, आणि मागून आपल्याच माणसाने भिरकावलेला एखादा आखूड पडलेला दगडही लागायचा राहत नाही. (त्या खेळात माणसे प्राणास मुकली आहेत. तो थांबावा असे माझे मत आहे आणि ते मी गावात बोलून दाखवितो. उपमेसाठी त्याचा वापर केला म्हणून त्याचे कौतुक केले असे कोणी समजू नये.)

पक्षाच्या बाबतीत मागून येणारे हे दगड फार महत्त्वाचे ठरतात. कारण उमेदवार निवडतात ते मधले मतदार नव्हेत. त्याला निवडतात ते पक्षाचे कट्टर लोक.

अमेरिकेत ही निवड उघड्यावर होते. तेथे ‘प्रायमरी’ नावाची पद्धत आहे. मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी, राज्याराज्यांतून, पक्षाचे सामान्य मतदारच मतदान करून आपला उमेदवार कोण हे ठरवितात. १९५२ साली तेथील रिपब्लिकन पक्षात सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट आणि सेनापती आयझेनहॉवर यांच्यात हा सामना झाला. टॅफ्ट हे पक्षाच्या परंपरेचे मूर्तिमंत प्रतीक. आयझेनहॉवर महायुद्धाचे विजयी सेनानी आणि मताने मवाळ. ‘टॅफ्ट निवडून येऊ शकत नाहीत’ हाच आयझेनहॉवरपक्षाचा मुख्य मुद्दा होता. टॅफ्टपक्षाचे उत्तरही बिनतोड होते: १९४०, १९४४ आणि १९४८ अशा तीन निवडणुकांत तुमच्या म्हणण्याप्रमाणे मवाळ उमेदवार दिले, तिन्ही पडले, आता चौथ्यांदा तेच औषध का घ्यावे? शेवटी आयझेनहॉवर उमेदवार झाले आणि अठ्ठेचाळीसपैकी एकोणचाळीस राज्ये जिंकले. बारा वर्षांनी, १९६४ मध्ये, पक्षाने न्यूयॉर्कचे मवाळ राज्यपाल रॉकफेलर यांना डावलून कडव्या मतांच्या बॅरी गोल्डवॉटर यांना उभे केले, आणि त्यांना अवघी सहा राज्ये मिळाली.

इतके झाल्यावर हा वाद मिटावयास हवा होता. १९८० साली माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याच आधारावर इशारा दिला होता की अतिशय परंपरावादी रिपब्लिकन निवडून येणे शक्य नाही. त्यांचा रोख रोनाल्ड रीगन यांच्यावर होता. रीगन चव्वेचाळीस राज्ये जिंकले. पुढे २००८ मध्ये मॅकेन आणि २०१२ मध्ये रॉमनी हे त्यातल्या त्यात मध्याजवळचे गृहस्थ उभे राहिले, दोघेही हरले. २०१६ मध्ये ज्यांचे निवडून येणे पक्षातील बहुतेक जाणत्यांना अशक्य वाटत होते ते ट्रम्प निवडून आले. ज्याला जो निष्कर्ष हवा असेल त्याला तो या इतिहासात सापडतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे प्रायमरी नाही, ‘तिकीट’ आहे. तिकीट दिल्लीस किंवा भोपाळास फाडले जाते. परंतु मवाळ उमेदवाराचा हा वाद आपल्या देशातही झाला आहे, आणि तो अमेरिकेतल्याइतकाच बोधप्रद आहे. त्याची पहिली आणि निर्णायक घटना घडली ती मराठी भूमीत, मुंबईस.

भारतीय जनता पक्षाची स्थापना १९८० च्या एप्रिलमध्ये झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस पहिले महाअधिवेशन भरले. अध्यक्ष होते ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी, आणि पाहुणे म्हणून व्यासपीठावर न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला. विजयाराजे सिंदे यांना तो शब्द रुचला नाही, आणि त्यांनी तसे सांगितलेही. मध्याकडे टाकलेले ते पहिले पाऊल होते. त्याचे फळ १९८४ साली मिळाले: लोकसभेत दोन जागा. स्वतः वाजपेयी ग्वाल्हेरात माधवराव सिंद्यांकडून पराभूत झाले. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट होती हे खरे; पण पराभूत सेनापतीची बाजू ऐकून घेण्याची रीत राजकारणात नाही. १९८६ मध्ये लालकृष्ण अडवाणी अध्यक्ष झाले आणि पक्षाने दिशा बदलली. १९८९ मध्ये पंचाऐंशी जागा, १९९० मध्ये सोमनाथहून निघालेली रथयात्रा, १९९१ मध्ये एकशेवीस जागा. मवाळपणाने दोन आणि कडवेपणाने एकशेवीस, असा हिशेब कोणीही बोटांवर मोजून दाखवावा.

मग १९९२ च्या ६ डिसेंबरनंतर चित्र पालटले. चार राज्यांतील भाजपची सरकारे बरखास्त झाली. त्यांत आमचे सुंदरलाल पटवा यांचेही सरकार होते. १९९३ च्या निवडणुकांत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि हिमाचल या राज्यांत पक्षाला सत्ता परत मिळाली नाही. आतापर्यंत ज्या मार्गाने मते वाढत होती तो मार्ग कोठेतरी संपत आला आहे, ही जाणीव सर्वांत आधी झाली ती त्या मार्गाच्या मुख्य वाटाड्यालाच.

नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईच्या महाअधिवेशनात पक्षाध्यक्ष अडवाणी यांनी भाषणाच्या ओघात जाहीर केले की पुढील निवडणुकीत पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार वाजपेयी असतील. सभा थक्क झाली. या घोषणेची आगाऊ कल्पना आपण कोणाला दिली नव्हती असे अडवाणी पुढे सांगत. त्या वेळी पक्ष ज्यांच्या हाती होता, कार्यकर्ते ज्यांच्या नावाचा जयजयकार करीत, त्यांनी आपण होऊन दुसऱ्याचे नाव पुढे करावे हा प्रसंग राजकारणात विरळा. काही जण त्याला त्याग म्हणतात. मला तो त्याग आणि हिशेब यांचे मिश्रण वाटतो, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होते असे मी मानीत नाही. पक्षाबाहेरची मते आणि पक्षाबाहेरचे मित्र आपल्या नावावर येणार नाहीत, वाजपेयींच्या नावावर येतील, हे त्यांनी ओळखले. स्वतःविषयी असे कठोर भाकीत करणारे फार थोडे असतात.

भाकीत खरे ठरले काय? येथे जरा थांबले पाहिजे, कारण लोक या ठिकाणी नेहमी घाई करतात. १९९६ मध्ये पक्षाच्या जागा एकशेवीसवरून एकशेएकसष्ट झाल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु मतांचे प्रमाण पाहावे तर १९९१ मध्ये ते वीस टक्क्यांच्या किंचित वर होते आणि १९९६ मध्येही वीस टक्क्यांच्या किंचित वरच राहिले. म्हणजे मवाळ चेहऱ्याने मधले मतदार लोटालोटी करीत आले, असे आकडे म्हणत नाहीत. शिवसेना, अकाली दल, समता पक्ष आणि हरियाणा विकास पक्ष यांच्याखेरीज कोणी सोबत आले नाही. तेरा दिवसांत सरकार पडले. माणूस सर्वांना मान्य होता. त्याचा पक्ष मान्य नव्हता.

खरा फरक पडला तो १९९८ मध्ये, आणि त्याचे कारण केवळ वाजपेयी नव्हते. राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे पक्षाचे तीन जिव्हाळ्याचे विषय मित्रपक्षांसह केलेल्या शासनाच्या कार्यक्रमातून बाजूला ठेवण्यात आले, तेव्हा कोठे दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून मित्र आले. मते पंचवीस टक्क्यांवर गेली, जागा एकशेब्याऐंशी झाल्या. काँग्रेसची त्या काळची दुरवस्थाही विसरून चालणार नाही. १९९९ च्या एप्रिलमध्ये एका मताने सरकार पडले आणि त्याच वर्षी पुन्हा निवडून आले. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे मवाळ उमेदवाराचा उपयोग झाला तो दार उघडण्यापुरता. पाहुणे आत आले ते घरातील काही सामान हलविल्यावरच.

परंतु ज्यांना त्या पक्षात जावयाचे नाही, त्या पक्षाला मतही द्यावयाचे नाही, आणि तरीही त्याच्या राज्यात राहावयाचे आहे, अशा माणसांच्या दृष्टीने हा प्रश्न वेगळाच असतो. मी ख्रिस्ती समाजाचा आहे. आमच्या भागात आमची घरे थोडी. आमच्यासारख्यांना उमेदवार मवाळ आहे हे ऐकून बरे वाटते, आणि त्याच क्षणी शंकाही येते की मवाळ कोण आहे, तो की त्याच्यामागचे? १९९७ साली पक्षाचे एक ज्येष्ठ पदाधिकारी गोविंदाचार्य यांनी वाजपेयींना ‘मुखवटा’ म्हटल्याचे वृत्तपत्रांत आले. आपण तसे म्हटले नाही असे त्यांनी सांगितले, पण शब्द एकदा सुटला तो सुटलाच. वाजपेयींना तो किती लागला हे त्यांनी लपविले नाही. २००२ मध्ये गुजरातेतील दंगलीनंतर ४ एप्रिल रोजी अहमदाबादेत मुख्यमंत्र्यांना शेजारी ठेवून वाजपेयी यांनी राजधर्माची आठवण करून दिली. त्यानंतर काही दिवसांनी पणजीस राष्ट्रीय कार्यकारिणी भरली; मुख्यमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला आणि कार्यकारिणीने तो स्वीकारला नाही. देशात निवडून आलेला मवाळ पुरुष स्वतःच्या पक्षाच्या सभागृहात अल्पमतात होता.

२००४ मध्ये पक्ष हरला. त्यानंतर मनालीस वाजपेयी यांनी पराभवाच्या कारणांत गुजरातच्या घटनांचा उल्लेख केला. परिवारातील इतरांनी नेमके उलट सांगितले: आपले विषय सोडले म्हणून हरलो. एकाच पराभवाची ही दोन वाचने झाली, आणि दोन्ही बाजूंना आपले वाचन स्वयंसिद्ध वाटत होते.

याहून चमत्कारिक प्रकरण अडवाणींचे. २००५ च्या जूनमध्ये त्यांनी कराचीस जीनांच्या समाधीला भेट देऊन त्यांच्याविषयी आदराचे उद्गार काढले. वाजपेयींनंतर मवाळपणाची ती जागा आपण घ्यावी असा त्यामागे उद्देश असावा, असे अनेकांनी त्या वेळी म्हटले. परिणाम असा झाला की आपले लोक संतापले, बाहेरच्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि वर्ष संपता संपता अध्यक्षपद सोडावे लागले. २००९ मध्ये तेच पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. पक्षाला एकशेसोळा जागा मिळाल्या. मवाळपणा वाजपेयींना शोभला कारण तो त्यांच्या स्वभावात होता आणि लोकांनी तो चाळीस वर्षे पाहिला होता. सत्तरी उलटल्यावर नवा अंगरखा शिवून घेता येतो, पण तो अंगावर बसतोच असे नाही.

२०१३ मध्ये हा वाद तिसऱ्यांदा पेटला. जून महिन्यात पणजीसच नरेंद्र मोदी यांना प्रचारप्रमुख नेमण्यात आले. दुसऱ्या दिवशी अडवाणी यांनी पक्षपदांचे राजीनामे दिले व मग परत घेतले. एका आठवड्याच्या आत संयुक्त जनता दल आघाडीतून बाहेर पडला. १३ सप्टेंबरला मोदींची उमेदवारी जाहीर झाली. विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद अगदी १९९५ चाच होता: या नावावर मित्र येणार नाहीत, आणि मित्रांवाचून दिल्ली मिळणार नाही. २०१४ मध्ये पक्षाला एकट्याला दोनशे ब्याऐंशी जागा मिळाल्या. मित्रांची गरजच उरली नाही.

तर मग १९९५ मध्ये अडवाणी चुकले होते काय? मला तसे वाटत नाही. १९९६ च्या देशात कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळण्यासारखे नव्हते. त्या वेळी मित्र मिळविणे हेच जिंकणे होते, आणि मित्र मवाळालाच मिळतात. २०१४ मध्ये दहा वर्षे चाललेल्या सरकारला लोक विटले होते. त्यांना मधला नको होता, वेगळा हवा होता. निवडून येण्याची क्षमता उमेदवाराच्या अंगी जन्मजात असल्यासारखे आपण बोलतो. निम्मी तरी ती समोर कोण उभा आहे आणि वर्ष कोणते आहे यावर अवलंबून असते.

गोव्याचे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते मला जवळचे आहे. मनोहर पर्रीकर हे संघाच्या मुशीतून आलेले. २०१२ च्या निवडणुकीत त्यांनी सहा कॅथलिक उमेदवार उभे केले आणि सहाही निवडून आले. चाळीसांपैकी एकवीस जागा मिळून पक्षाला प्रथमच स्वबळावर बहुमत लाभले, आणि फ्रान्सिस डिसोझा उपमुख्यमंत्री झाले. डाउन्सचे शास्त्र इतके तंतोतंत खरे ठरलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. पण त्याची किंमतही तेथेच चुकवावी लागली. प्राथमिक शाळांपैकी फक्त मराठी व कोंकणी माध्यमांच्या शाळांनाच सरकारी अनुदान मिळावे अशी भारतीय भाषा सुरक्षा मंचाची मागणी होती. निवडणुकीपूर्वी पक्ष त्या आंदोलनात होता. सत्तेवर आल्यावर पर्रीकरांनी इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे, जे मुख्यतः चर्चसंबद्ध संस्थांचे आहे, ते अनुदान चालू ठेवले. गोव्यातील संघाचे प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी उघड बंड केले. २०१६ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले तेव्हा शेकडो स्वयंसेवक त्यांच्यासह गेले आणि वेगळा पक्ष निघाला. त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. परंतु २०१७ मध्ये भाजप एकवीसवरून तेरावर आला आणि मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः पडले. पराभवाला इतरही कारणे होती. सारा दोष अनुदानावर टाकणे न्यायाचे होणार नाही.

त्या वादात माझे मन दोन्हीकडे ओढले जात होते, हे येथे कबूल करतो. मी चर्चला जाणारा, आणि हिंदी राज्यात मराठी शिकविणारा. मराठी शाळेच्या वर्गातील बाके दरवर्षी कशी रिकामी होतात ते मी डोळ्यांनी पाहतो. वेलिंगकरांचे भाषेविषयीचे म्हणणे मला खोटे वाटत नव्हते. पर्रीकरांनी दिलेला शब्द पाळला नाही हेही खरे, आणि शब्द पाळला असता तर ज्यांनी विश्वासाने मते दिली त्या पालकांचा भंग झाला असता हेही खरे. मध्यावर उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्याने दोन्ही काठांना काहीतरी कबूल केलेले असते. निवडून येण्याच्या दिवसापर्यंत ते खपते.

आता पुन्हा आमच्या परिसरात. छिंदवाडा लोकसभा मतदारसंघ हा ‘जिताऊ’ शब्दाची परीक्षा पाहणारा आहे. १९७७ मध्ये सारा मध्य प्रदेश काँग्रेसने गमावला, तेव्हा एकटे छिंदवाडे तिच्याकडे राहिले. १९९७ च्या पोटनिवडणुकीत माजी मुख्यमंत्री पटवा यांनी येथे कमलनाथ यांचा पराभव केला. भाजपला अखेर छिंदवाड्याचा माणूस सापडला असे सर्वांनी म्हटले. वर्षभराने त्याच दोघांची पुन्हा गाठ पडली आणि पटवा हरले. माणसे तीच, मतदार तेच, फक्त वर्ष दुसरे.

२०२३ च्या यादीचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरात, पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सौंसर त्यात आले. पुष्कळांना वाटले की आता मते फिरली. मतमोजणीत भाजपने राज्यात दोनशेतीसपैकी एकशेत्रेसष्ट जागा जिंकल्या. परंतु सौंसरला काँग्रेसचे विजय चौरे आणि पांढुर्ण्याला निलेश उईके हेच पुन्हा निवडून आले. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातील सातही जागा काँग्रेसकडे राहिल्या. एका ठिकाणी अनुभवी माजी आमदार, दुसऱ्या ठिकाणी राजकारणात नवखा न्यायाधीश, अशी दोन तऱ्हांची माणसे निवडली होती, आणि दोन्ही तऱ्हा सारख्याच उपयोगी पडल्या.

मग २०२४ ची लोकसभा आली. भाजपने तिकीट दिले विवेक साहू यांना, ज्यांना सर्वजण बंटी साहू म्हणतात. छिंदवाडा विधानसभेत कमलनाथ यांच्याकडून ते २०१९ मध्ये हरले होते आणि २०२३ मध्ये पुन्हा हरले होते. ‘जिताऊ’ शब्दाची कसोटी लावावयाची तर असा उमेदवार पहिल्याच चाळणीत गळावयास हवा. त्यांनी कमलनाथ यांचे पुत्र नकुलनाथ यांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. सहा महिन्यांपूर्वी ज्या मतदारांनी सातही आमदार काँग्रेसचे दिले होते त्यांनीच हे केले.

निकालानंतर चारपाच दिवसांनी मी त्याच चहाच्या दुकानात गेलो होतो. ते संत्रेवाले गृहस्थ भेटले. म्हणाले, “गुरुजी, दोनदा पडलेला मानूस तिसऱ्यांदा कसा काय आला हो?” मला उत्तर सुचले नाही. मी त्यांनाच उलट विचारले, “दादाजी, दोन्ही वेळा तिकीट कोणाला द्यावे असे तुम्हाला कोणी विचारले होते का?”

“आमाले कोन इचारते,” ते म्हणाले, आणि यंदा मृगाचा पाऊस केव्हा येईल यावर बोलू लागले.